ओल्या आंब्याच्या लाकडाचे बाउल तडकतायत, दोन वर्षं थांबू का?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या ताई चिंचवडला राहतात, शाळेत शिकवतात. गेल्या वर्षी हौसेनं एक छोटा वूड लेथ (लाकूड फिरवत ठेवून कातायचं मशीन) घेतला आणि गच्चीवरच्या शेडमध्ये शनिवार-रविवार त्यावर काम करतात. आतापर्यंत वखारीतल्या सुक्या तुकड्यांची लाटणी, मेणबत्तीचे स्टँड असं केलंय. यंदा मे अखेरच्या वादळात दापोलीकडच्या त्यांच्या घरामागचा, आजोबांनी लावलेला रायवळ आंबा उन्मळून पडला. भावंडांचं ठरलं की जळणाला जाण्याआधी सातही घरांत या झाडाचा एकेक बाउल जावा, आणि तो दिवाळीत, सगळे जमतात तेव्हा द्यावा. ताईंनी टेम्पोतून काही ओंडके आणले. पहिला बाउल ओंडक्याची आडवी चकती कापून केला, काठ बोटाएवढा, बूड दोन बोटं जाड, रात्री शेडमध्ये पंख्याखाली ठेवला आणि सकाळी काठापासून बुडापर्यंत तडा. दुसरा अर्धा चिरलेल्या तुकड्यातून केला, तो तडकला नाही पण दोन आठवड्यांत लंबगोल झाला आणि टेबलावर डुगडुगतो. सुतारकाम केलेले मामा म्हणतात, ओलं लाकूड लेथवर चढवायचंच नसतं, दोन वर्षं सावलीत पडू दे. ताईंचा प्रश्न: "आजोबांच्या झाडाचं मी वाटोळं करतेय असं वाटतं. थांबू, की वखारीला देऊन मोकळी होऊ?"

ताई,

तुमचं पत्र नीट वाचलं, फोटोही झूम करून करून बघितले. वाटोळं वगैरे काहीही झालेलं नाहीये. ओल्या लाकडाचे बाउल जगभर कातले जातात, आणि वाडग्यासारख्या वस्तूला तर लाकूड ओलं असणं सोयीचंच. अडचण दुसरीकडे झालीय, तिच्याकडे येतेच.

आधी मामांचं बघू, कारण घरातल्या जाणत्या माणसाचा शब्द डावलून काम करायला हात वळत नाही. मामा चुकीचं सांगत नाहीयेत, ते दारं, चौकटी, पलंगाच्या हिशोबानं सांगतायत. तिथे फळी वाळलेलीच लागते, नाहीतर पावसाळ्यात घट्ट बसवलेलं दार मार्चमध्ये चौकटीत खुळखुळायला लागतं. त्या कामातला जुना ठोकताळा म्हणजे एक इंच जाडीच्या फळीला साधारण एक वर्ष. पण तुमच्याकडे फळी नाहीये, बारा-चौदा इंचाचा अख्खा ओंडका आहे. तो आतपर्यंत वाळायला दोन वर्षं कुठून पुरणार? आणि मधल्या काळात काय होतं, तर बाहेरचा भाग आधी वाळतो, आकसायला बघतो, आत मात्र अजून ओलच असते, त्यामुळे बाहेरच्याला आकसायला वाव मिळत नाही आणि तो फाटतो. वखारीबाहेर बरेच दिवस पडलेले ओंडके आठवा, टोकाला मध्यापासून सालीपर्यंत चिरा गेलेल्या दिसतात की नाही? म्हणजे दोन वर्षं वाट बघून तुमच्या हातात तडकलेलाच ओंडका येणार.

त्यात हा आंबा. सागवानाची गोष्ट वेगळी, आंब्याच्या लाकडाला बुरशी आणि किडा दोन्ही लवकर लागतात. पावसाळ्यात काही आठवड्यांतच टोकाकडून निळसर-काळपट डाग आत सरकायला लागतात. थोडे डाग बाउलमध्ये छान दिसतात, मला तरी आवडतात, पण तसंच पडू दिलं तर लाकूड भुसभुशीत होतं आणि मग हत्यारानं कापलं न जाता उपटलं जातं. तुम्ही पत्रात धरून चाललाय की थांबणं म्हणजे सेफ आणि आत्ता कातणं म्हणजे रिस्क. आंब्याच्या बाबतीत मला ते नेमकं उलटं वाटतं.

आता तडा का गेला ते. हे एकदा कळलं की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ओल्या लाकडात पाणी दोन जागी असतं, एक पेशींच्या पोकळीतलं मोकळं पाणी आणि दुसरं पेशींच्या भिंतीत मुरलेलं. ओला टॉवेल घट्ट पिळला तरी दमट राहतोच ना, तसं. मोकळं पाणी गेल्यानं लाकडाच्या मापात फरक पडत नाही. ओलावा साधारण २८ ते ३० टक्क्यांच्या खाली उतरला की भिंतीतलं पाणी जायला लागतं आणि तिथून पुढे लाकूड आकसायला सुरुवात होते. आणि ते सगळ्या दिशांना सारखं आकसत नाही. खोडाच्या लांबीत जवळजवळ नाहीच, ०.१ ते ०.२ टक्के. मध्यापासून सालीकडे बहुतेक झाडांत ३ ते ५ टक्के, आणि खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या कडेकडेनं, म्हणजे घेरात, त्याच्या साधारण दुप्पट. आता विचार करा, घेर जास्त आकसणार, त्रिज्या कमी, आणि तुकड्यात झाडाचा मध्य धरून पूर्ण वर्तुळं शाबूत असतील तर तो घेर कुठेतरी उघडल्याशिवाय राहणारच नाही.

तुमच्या पहिल्या बाउलच्या फोटोत बुडाशी एक गडद ठिपका दिसतोय, पेन्सिलीच्या टोकाएवढा, आणि त्याभोवती वर्तुळं. तो झाडाचा मध्य. आडवी चकती कापल्यामुळे तो बरोब्बर बाउलच्या बुडात आला आणि सगळी वर्तुळं भिंतीत पूर्णच्या पूर्ण राहिली. वरून काठ पातळ, बूड जाड, म्हणजे काठ रात्रीत वाळून आकसला आणि बुडाला अजून पत्ताच नाही. त्यात पंखा. हा बाउल कुणीही केला असता तरी तडकला असता, तुमच्या हाताचा त्यात काही दोष नाही. तडा कुठून कुठे गेलाय बघा, थेट त्या ठिपक्याच्या दिशेनं.

म्हणून ओंडका आडवा न कापता उभा चिरायचा. जेवढा बाउलचा व्यास त्यापेक्षा तीन-चार इंच जास्त लांबीचा तुकडा घ्यायचा (टोकं थोडीफार चिरणारच, ती नंतर उडवता येतात), तो लांबीत मध्यावरून दोन भाग करायचा आणि दोन्ही भागांतून मध्याकडचा निदान इंचभर पट्टा काढून टाकायचा. जीव खालीवर होतो एवढं लाकूड टाकताना, तरी टाका. वखारीत सांगितलंत तर ते पट्ट्याच्या करवतीवर चिरून देतात, घरी चेन सॉ चालवायच्या भानगडीत पडू नका. ठोकळा गोल करून झाला की टोकाच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे जिथे रेषा तुटलेल्या दिसतात तिथे, वितळवलेलं मेण फासा. मेण नसेल तर जुना ऑइल पेंट दोन हात. पाणी सगळ्यात भरभर तिथूनच निघून जातं.

आता दुसरा बाउल. तो फसलाय असं तुम्ही लिहिलंय आणि इथेच मला तुमच्याशी थोडा वाद घालायचाय. तो तडकला नाही, भिंत सारखी आहे, आणि लाकडाला जसं आकसायचं होतं तसं ते आकसलं. लांबीत आठ इंचच राहिला आणि आडव्यात साडेसात, हा हिशोब वर दिलेल्या टक्क्यांत तंतोतंत बसतो. तो गोल असायलाच हवा हे कुणी ठरवलं? स्टीलची वाटी गोल असते कारण ती साच्यातून येते. युरोपात शेकडो वर्षं लोक ओल्या लाकडाच्या, पायानं चालवायच्या लेथवर कातलेल्या वाडग्यांतच जेवत होते. इंग्लंडमध्ये यॉर्क शहरात कॉपरगेट नावाच्या जागी १९७६ ते १९८१ मध्ये उत्खनन झालं, त्यात व्हायकिंग काळातल्या अशा वाट्या आणि कातताना मधून निघालेले लाकडी गाभेसुद्धा सापडले, म्हणजे हे काम तिथेच चालायचं. त्या वाट्या वाळून लंबगोल व्हायच्याच, त्याला कुणी दोष म्हणत नव्हतं. डुगडुगणं हा मात्र खरा त्रास, पण तो सुटण्यासारखा आहे: बाउल पूर्ण वाळला की सपाट फरशीवर पॉलिश पेपर पसरून त्यावर बूड घासायचं, दहा मिनिटांचं काम. पुढच्या वेळी बुडाला मधून किंचित खोलगट करून फक्त कडेची रिंग टेकेल असं कातलंत तर घासायलाही कमी लागेल.

बरं, दिवाळी. आत्ता जुलै चालू आहे, म्हणजे तीन-साडेतीन महिने हातात आहेत. ओल्या लाकडाचे बाउल करायच्या दोन पद्धती आहेत. एक, ओल्यातच एकदम शेवटच्या मापापर्यंत पातळ कातायचं, मग वाळून ज्या आकाराचा होईल तो आपला. दुसरी, ओल्यात जाडजूड कच्चा बाउल कातून ठेवायचा, तो काही महिने वाळू द्यायचा, वेडावाकडा होऊ द्यायचा आणि मग परत लेथवर चढवून गोल करायचा. दुसरीत गोल बाउल मिळतो पण दिवाळी गाठणं कठीण, वीस मिलिमीटर भिंतीचा कच्चा बाउल वाळायला चार ते सहा महिने धरा, पावसाळ्यात तर जास्तच. म्हणून मी म्हणेन, दिवाळीचे सात बाउल पहिल्या पद्धतीनं करा, पातळ, लंबगोल, आणि त्याच वेळी उरलेल्या ओंडक्यांचे जेवढे जमतील तेवढे कच्चे बाउल कातून ठेवा.

पातळ बाउलमध्ये सगळा खेळ भिंत सारखी ठेवण्याचा. सहा ते आठ मिलिमीटर, काठ असो की बूड, कुठेही मिलिमीटरच्या वर फरक नको. आणि एका बैठकीत संपवायचा. हे मी ठासून सांगते कारण ओलं लाकूड पातळ झालं की ते वाट बघत नाही. बाहेरचा आकार पूर्ण झाला, चकमध्ये (लेथच्या फिरणाऱ्या जबड्यात) उलटा धरला, आतून पोखरायला घेतलं की आधी काठाजवळचा इंच-दीड इंच शेवटच्या मापाला आणा, कॅलिपर (जाडी मोजायचं साधन) लावून बघा, आणि मग त्याला परत हात लावू नका. मग त्याच्या खालचा इंच, मग त्याखालचा, असं पायरीपायरीनं बुडापर्यंत. मध्यात अजून लाकूड शिल्लक असतं तोवर काठाला आधार असतो, एकदा सगळं पोकळ झालं की काठ थरथरायला लागतो आणि अर्ध्या तासात हलून गेलेला असतो, मग तिथे गाउज (पन्हळीसारख्या पात्याचं कातायचं हत्यार) लावलं की एका बाजूला लागतं, दुसरीकडे हवेत. चहाला उठायची वेळ आलीच तर ओलं फडकं घालून वर प्लास्टिकची पिशवी बांधा. आणि चक अधूनमधून परत आवळत राहा, कारण चकला धरायला बुडाशी ठेवलेली ओली खुंटी जबड्याखाली दबते आणि पकड सैल होते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही आणि बाउल उडतो.

ओल्या आंब्यावर गाउज धारदार असेल तर भुसा पडतच नाही, लांब लांब फिती निघतात, ओल्या, जरा जड, त्या मनगटावरून मागे जाऊन खांद्यावर बसतात आणि टीशर्टवर पाण्याच्या थेंबांची एक सरळ रेघ उमटते, जिथे बाउलचा काठ फिरत असतो बरोब्बर त्याच उंचीवर. धूळ नाही, हत्यार गार राहतं, धार जास्त टिकते. सुक्या लाकडावर शिकलेल्या माणसाला हे पहिल्यांदा अनुभवलं की परत सुकं नको वाटतं. फक्त काम झालं की लेथचा बेड, म्हणजे खालचे लोखंडी रूळ, लगेच पुसून तेलाचा हात फिरवा, नाहीतर सकाळी गंज. आणि लाकडावर चकच्या जबड्याचे काळे डाग पडले तर लिंबू चोळा, बरेचदा जातात. घासायचं काम मात्र ओल्यात करू नका. पॉलिश पेपर चोंदतो, आणि जोर दिला की घर्षणाची उष्णता तयार होऊन जिथे रेषा तुटतात तिथे केसाएवढ्या बारीक चिरा पडतात, ज्या तेल लावल्यावर काळ्या होऊन दिसतात. वाळल्यावर हातानं घासा.

वाळवणं. ऊन नाही, पंखा नाही. वर्तमानपत्राच्या दोन-तीन थरांत गुंडाळून, जिन्याखाली किंवा कपाटाच्या तळाशी, जिथे वारा नाही अशा जागी. पावसाळ्यात दोन दिवसांनी कागद बदला नाहीतर बुरशीचे ठिपके पडतील. काही जण बाउल त्याच्याच ओल्या भुशात पुरून ठेवायला सांगतात, कोरड्या हवेच्या देशात ते ठीक, आपल्याकडे जुलैमध्ये आंब्यासाठी नको, भुसा आंबतो. आता वाळला हे ओळखायचं कसं? किचनमधला वजनकाटा घ्या. बुडावर पेन्सिलनं तारीख आणि ग्रॅम लिहा, दर रविवारी वजन करा, ओळीनं तीन रविवार आकडा हलला नाही की झाला. मॉइश्चर मीटर घ्यायची काहीही गरज नाही. पातळ बाउलला तीन-चार आठवडे लागतील, जाड कच्च्यांना तुम्ही फेब्रुवारी-मार्चपर्यंत हात लावू नका.

एक गोष्ट पुणे-चिंचवडवाल्यांनी खास लक्षात ठेवायची, ती म्हणजे ऑक्टोबर. पावसाळ्यात हवेत आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास असते तेव्हा लाकूड १६ टक्क्यांच्या जवळपास ओलावा धरून स्थिर होतं. वजन थांबलं म्हणजे ते त्या हवेपुरतं थांबलं. मग पाऊस जातो, ऑक्टोबरचं ऊन सुरू होतं, हवा झपाट्यानं कोरडी होते, आणि कच्चे जाड बाउल नेमके तेव्हा तडकतात, सप्टेंबरपर्यंत धड असलेले. त्या महिन्यात त्यांच्याभोवती कागदाचे थर वाढवा, वाटलं तर वरून पुठ्ठ्याचा खोका. पुढे एप्रिलमध्ये आर्द्रता ३० टक्क्यांवर आली की लाकूड ६-७ टक्क्यांपर्यंत उतरतं, म्हणून जो बाउल गोल हवाय त्याचं शेवटचं कातणं उन्हाळ्यात करा. कोकणातल्या भावंडांकडे जाणारे बाउल तिथल्या दमट हवेत परत थोडे फुगतील, त्यांना आधीच सांगून ठेवा म्हणजे घाबरणार नाहीत.

कच्च्या बाउलची जाडी किती, तर व्यासाचा दहावा भाग. आठ इंची बाउलला पाऊण इंच ते वीस मिलिमीटर. यापेक्षा पातळ ठेवला तर वाकडा झाल्यावर गोल करायला लाकूडच उरत नाही, यापेक्षा जाड ठेवला तर तडकतो. बुडाची खुंटीही लंबगोल होणार आहे, तेव्हा ती मापापेक्षा चांगली मोठी ठेवा, नंतर टेलस्टॉकनं (लेथच्या दुसऱ्या टोकाचा सरकता आधार) दाबून धरून तीच आधी गोल करता येते. आणि आंबा आहे म्हणून अजून एक: कच्चे बाउल कातल्यावर मोठ्या पातेल्यात पूर्ण बुडवून उकळा, उकळी आल्यावर इंचभर जाडीला एक तास, त्याच पाण्यात गार होऊ द्या, मग कागदात. उकळल्यानं लाकडातला ताण सैल होतो, तडकायचं प्रमाण कमी होतं आणि किड्याची अंडी-अळ्या मरतात. भांडी घासायच्या लिक्विडमध्ये भिजवा, मायक्रोवेव्हमध्ये फिरवा, असंही सांगणारे भेटतील. मायक्रोवेव्हनं होतं, अगदी थोडा वेळ, गार करून परत थोडा वेळ असं केलं तर, पण एक बाउल जळाला तर घरभर वास आणि भांडण, त्यापेक्षा पातेलं बरं.

गावी राहिलेल्या ओंडक्यांचं आज-उद्यात कुणाला तरी फोन करून सांगा. त्यांचे तुकडे करू नका, जेवढे लांब तेवढं बरं, फक्त टोकांना मेण किंवा रंग, जमिनीपासून वर दोन दगडांवर, पडवीत किंवा पत्र्याखाली. जवळ तळं किंवा न वापरातली विहीर असेल तर सरळ पाण्यात पूर्ण बुडवून ठेवणं सगळ्यात उत्तम. पाण्याखाली हवा नाही म्हणून बुरशी नाही, वाळतच नाही म्हणून चिरा नाहीत, आणि लाकडातला स्टार्च धुतला जातो म्हणून किड्याला खायला कमी उरतं. बांबू ओढ्यात भिजत ठेवतात तो याचसाठी. आणि परत टेम्पो आणायच्या आधी तलाठी किंवा वन खात्याच्या ऑफिसात विचारून घ्या, आंबा, फणस, जांभूळ ही झाडं महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली आहेत, झाड आपोआप पडलेलं असलं तरी वाहतुकीला कागद लागतो का हे विचारलेलं बरं.

सुरक्षेचं थोडक्यात लिहिते पण हे थोडक्यात घेऊ नका. ओला ठोकळा जड असतो आणि एका बाजूला जास्त जड, त्यामुळे सुरुवात लेथच्या सगळ्यात कमी स्पीडवर, टेलस्टॉक लावून, आणि मशीन सुरू करताना ठोकळ्याच्या समोर उभं न राहता बाजूला. गोल झाल्यावर इंचातला व्यास गुणिले आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) हे ६००० ते ९००० च्या आत ठेवा, आठ इंचाला म्हणजे साडेसातशे ते अकराशे. चेहऱ्यावर पूर्ण फेस शील्ड, नुसता गॉगल पुरत नाही. ओढणी नाही, बांगड्या नाहीत, मंगळसूत्र आत, केस बांधून. हातमोजे तर लेथवर कधीच नाहीत, बोटासकट ओढले जातात. तुम्ही लिहिलंय की मनगटावर पुरळ आलंय. आंबा, काजू, बिब्बा ही एकाच कुळातली झाडं, कैरीच्या चिकानं तोंडाला फोड येतात तोच प्रकार ओल्या लाकडानंही काहींना होतो. कोकणात फणस कापताना हाताला तेल लावतात तसं खोबरेल लावून बसा, उठल्यावर साबणानं धुवा. पुरळ वाढत गेलं तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, दम लागला तर लगेच डॉक्टरांकडे जा, आणि मग झाड कितीही आपलं असलं तरी कातायचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या.

वाळलेल्या बाउलला जवसाचं तेल, पातळ हात, जास्तीचं पुसून, दोन हातांच्या मध्ये चार-पाच दिवस. हार्डवेअरच्या दुकानातलं 'बॉइल्ड' नको, त्यात सुकवायचे केमिकल असतात, खायचं तेल म्हणून मिळतं ते घ्या, सावकाश वाळतं पण वाळतं. शेंगदाणा, सूर्यफूल लावू नका, चिकट होऊन खवट वास येतो. जवसाच्या तेलाची चिंधी चुरगळून कचऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकते, दोरीवर पसरून वाळवा. घाई असेल तर मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन मिळतं, तेही चालतं, अधूनमधून परत लावावं लागतं. या बाउलमध्ये लाह्या, दाणे, फळं, चकल्या ठेवा. वरण-आमटी नको, पाण्यात भिजत घालणं नको.

तडकलेल्या पहिल्या बाउलचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत पण फोटोत तो टाकलेल्या लाकडांवर दिसतोय. तो उचलून ठेवा. वाळला की तडा जेवढा उघडायचा तेवढा उघडून थांबेल, मग दोन्ही बाजूंना बारीक भोकं पाडून तांब्याच्या तारेनं टाके घाला. आपल्याकडे चिरलेल्या काठवटीला पत्र्याची पट्टी ठोकून ती पुढे वर्षानुवर्षं वापरायचेच. सात घरांत एकसारखे सात बाउल जायला हवेत हे तुमच्या मनातलं, भावंडांनी तसं म्हटल्याचं पत्रात कुठे दिसलं नाही. त्यांना ग्रुपवर दोन्ही बाउलचे फोटो टाकून आत्ताच विचारा ना, कदाचित तो टाक्यांचा बाउल कुणीतरी आधी मागेल. आणि मामांनाही बोलवा एका शनिवारी, वखारीत ओंडका कुठून चिरायचा ते ठरवायला, लाकडाची रेषा वाचायला त्यांच्याइतकं तुम्हाला कोण शिकवणार. गाउज त्यांच्याही हातात देऊन बघा.

एक राहिलंच. दिवाळीत बाउल वाटल्यावर पहिलं वर्षभर प्रत्येकाला बूड तपासायला सांगा. पिनेच्या टोकाएवढी भोकं आणि खाली बारीक पिवळसर भुकटी दिसली तर तो लाकूड पोखरणारा किडा आहे. मग तो बाउल इतर लाकडी वस्तूंपासून लगेच बाजूला काढायचा आणि ओव्हनमध्ये ६० डिग्रीला तीन-चार तास ठेवायचा, ओव्हन नसेल तर प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून डीप फ्रीजरमध्ये आठवडाभर. पातळ बाउल उकळलेले नसतील, म्हणून त्यांच्याकडे जास्त लक्ष द्या, सालीलगतच्या फिकट भागात आधी लागतो.